नाव टाका

निवतीच्या बंदरावर रेंज एकाच खडकावर मिळते,
तीही सुकतीला.
भरतीला खडक बुडतो
आणि त्याच्यासोबत बँक.

मी अकरा देशांसाठीचा एक पडदा घेऊन आले होते,
पैसे पाठवणाऱ्याची ओळख पटवणारा.
जाकार्तात तो चौदा सेकंदांत ओलांडला गेला.
लिस्बनच्या एका म्हाताऱ्याचे बत्तीस सेकंद चष्मा शोधण्यात गेले.
लागोसला वीज गेली, तरी एक मुलगी
अंधारातच, हसत, पुढच्या पायरीवर.
माझ्या तक्त्यात नावं नसतात, आकडे असतात.
गुणवंती केळुसकर: सात.

सातला बर्फवाल्याला अठराशे पाठवायचे होते.
पडदा म्हणाला, नाव टाका.
तिने टाकलं: जलदेवता.
चूक.
पुन्हा जलदेवता.
मग जरा चिडून, जलदेवता, दोन सिलिंडरवाली.
हा शब्द मीच बसवला होता,
पुण्यात, सहाव्या मजल्यावर;
समुद्राकडे पाठ करून बसलं की
नाव पाण्यावर चालते हे आठवत नाही.

मग पडदा म्हणाला, बोट ठेवा.
ती खो खो हसत सुटली.
"नाव झाली, आता बोट?
खंय ठेवू गो, ह्या एवढ्याशा मोबायलार?"

ठेवलं शेवटी. अंगठ्याशेजारचं, मग मधलं, मग दुसऱ्या हाताचं.
चाळीस वर्षं रापणीचा दोर ओढलेली,
मीठ आणि खवलं यांनी घासून गुळगुळीत केलेली बोटं.
यंत्राला त्यांत कोणीच दिसलं नाही.

राहिला गुप्त प्रश्न:
आईचं माहेरचं आडनाव?
तिने तो मोठ्याने वाचला
आणि तिच्या आधी तीन बायकांनी उत्तर दिलं,
एकीने तर आडनावाबरोबर
त्या घरातलं माडाचं भांडणही सांगितलं.
मी वहीत लिहिलं: प्रश्न सुरक्षित नाही.

आणि तो सहा आकडी पाहुणा, ओटीपी,
तीस सेकंदांचा.
पाट्यांपासून खडकापर्यंत एकशे चाळीस पावलं,
ओली वाळू. मी मोजली, तिच्या मागून धावताना.
ती कासोटा आवळून माझ्या पुढे होती.
खडकावर पोचलो तेव्हा पडद्यावर: मुदत संपली.
"मुदत बर्फाक असता," ती धापा टाकत म्हणाली,
"आकड्याक कसली गो मुदत?"

हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं.
वरच्यांना असली वाक्यं आवडतात,
स्लाइडवर छान दिसतात.

संध्याकाळी निघताना मी बांगडे घेतले, डझनभर.
माझाच फोन, माझाच पडदा,
माझं नाव बरोबर, माझं बोट मऊ,
आणि चक्र फिरतंय, फिरतंय,
खडक केव्हाच पाण्याखाली.
पाकिटात तीस रुपये.

गुणवंतीने मला आता पहिल्यांदा नीट पाहिलं.
"खंयची गो तू?"
पुण्याची.
"ता नाय. आवस खंयची?"
परुळ्याची.
"परुळ्याची कोणाची?"
प्रभूंची.
"बांदावरच्या काय तळ्याकडच्या?"
तळ्याकडच्या.
ती थोडा वेळ गप्प. डोळ्यांनी कुठल्याशा अंगणापर्यंत जाऊन आली.
"मगे व्हर बांगडे. पैशे येतले."

प्रश्न तोच होता,
मी दुपारी फुली मारलेला.

रात्री अहवालात तीसचे एकशेऐंशी केले,
'नाव' खोडून 'तुमचे नाव' लिहिलं,
जे अजून पुरेसं नाही, तिची तरी कोणाची आहे जलदेवता?
शेवटच्या पानावर एक रकाना रिकामा राहिला,
त्याला शीर्षक सुचेना.
लॉजवाल्याने बांगडे तळून दिले, फार तिखट.

ओटीपी दुसऱ्या दिवशी कुडाळ स्टँडवर आला.
चार सात सात एक शून्य दोन.
गाडी सुटत होती.
मी तो उगाच एकदा मोठ्याने वाचला,
शेजारच्या बाईने वळून विचारलं,
खंयचो नंबर?